सहानंतर आठ

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी थोरलीने शहरातल्या मोठ्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर स्वतःचीच टोपली विकत घेतली. म्हणजे टोपली तिची नव्हती. तरीही तिचीच होती.

लव्हाळ्याची टोपली, झाकणासकट. पोट किंचित फुगीर, काठ दुपदरी, काठाच्या बोटभर खाली काळ्या पातीची नागमोडी ओळ. तळ्याकाठच्या बायका सोडून ही ओळ आजवर कोणी घातलेली तिने पाहिली नव्हती. झाकणाच्या मध्यावर, जिथे विणीची सुरुवात, म्हणजे भोवरा असतो नेमका तिथेच, चामड्याचं गोल लेबल शिवलेलं होतं: ‘वारशाची वीण’. झाकणाला आतून कापडाचं अस्तर. लेबलाच्या मागच्या घडीवर महिन्याचा शिक्का.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “गिफ्ट पॅक करून देऊ?”

“नको,” थोरली म्हणाली. “घरचीच आहे.”

थोरलीला थोरली म्हणतात, कारण तिच्या पाठीवर धाकटी आहे. एवढंच. पण कारखान्यातल्या एकवीस जणीही तिला थोरलीच म्हणतात, त्यातल्या चारपाच तर वयाने तिच्याहून मोठ्या. ही सगळी तळ्याकाठची माणसं. तळ्याचं पाणी शहराच्या नळांना गेलं, काठाला कुंपण पडलं आणि वस्ती टेकडीमागच्या एकसारख्या घरांच्या रांगांत आली. लव्हाळं मात्र अजूनही तळ्यावरूनच आणावं लागतं, परवाना काढून, ठरलेल्या वारी. शहरातले लोक त्यांना गवतवाले म्हणायचे, नाक मुरडून. चौदा वर्षांपूर्वी टायरच्या दुकानामागची शेड भाड्याने घेतली तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने नाव विचारलं होतं.

“लिहा, गवतवाल्या.”

“अहो ताई, असलं नाव कोण लावतं?”

“लोकांचं तोंड दुखेपर्यंत म्हणून झालंय. आता त्यांना वाचू दे.”

पाटी अजून तीच आहे. तिच्याखालून रोज टेम्पो भरून टोपल्या जातात. गेल्या वर्षी वस्तीच्या वतीने थोरलीने नोंदणी कार्यालयात अर्ज केला: ही वीण आमची, आमच्या नावावर लावा. अर्जाला वस्तीतल्या एकतीस विणकरणींची यादी जोडली. मोठ्या दुकानाला माल पुरवणाऱ्याने त्यावर हरकत घेतली. त्याचं म्हणणं दोन ओळींचं होतं. असली वीण कुठेही विणतात. ती कोणा एकाची नाही.

टोपली पिशवीत घालून थोरली बुधवारी वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई वस्तीचं काम पहिल्यापासून बघत होत्या, शांतपणे बोलायच्या, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता फाइलकडे बघायच्या.

“चांगलं झालं,” टोपली उलटीसुलटी करत त्या म्हणाल्या. “पुरावा हातात आला. याला आता हात लावू नका. लेबल, अस्तर, काही उसवू नका.”

“यात चांगलं काय?”

“शिक्का बघा. आपण अर्ज दाखल केला त्याच्या आधीचा महिना आहे. म्हणजे अर्ज वाचून त्यांनी नक्कल केली असं म्हणता येत नाही. मग वीण बाहेर गेली कशी? सुनावणीत पहिला प्रश्न हाच. एक तर ती कुठेही विणतात, म्हणजे त्यांचं खरं. नाहीतर आपल्यातल्या कोणीतरी ती नेली.”

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. प्रतिज्ञापत्र. पहिल्या ओळीत थोरलीचं नाव, दुसऱ्या ओळीत वस्तीचं. तिसरी ओळ अशी होती: ‘सदर वीण बाहेरील व्यक्तींना ______ यांनी दिली, असे मी प्रतिज्ञेवर सांगते.’

“ही जागा भरून आणा. सुनावणी पुढच्या महिन्यात, तिसऱ्या शुक्रवारी. आणि एक गोष्ट आधीच सांगते. जिचं नाव इथे येईल तिचं नाव एकतीसच्या यादीतून काढावं लागेल. पुढे तिला ही वीण विणता येणार नाही. वस्तीच्या नावाने तर नाहीच.”

थोरलीने कागद घडी करून पदराआड ठेवला. नाव तिच्या डोक्यात होतंच. जिना उतरता उतरता ते जिभेवर आलं.

कारखान्यात ते आधीच सगळ्यांच्या जिभेवर होतं. तिथे एकजण आहे, तिला रेडिओ म्हणतात, कारण ती बंद करायची सोय नाही. टोपली टेबलावर ठेवल्याबरोबर रेडिओ सुरू झाला.

“मी नाव घेत नाही हं कोणाचं. मी फक्त विचारते, आपल्यातली शहरात कोण गेली?”

“नाव घेत नाहीस ते बरं,” दुसरी म्हणाली. “घेतलं असतंस तर आम्हाला कळलं असतं.”

“थट्टा करा. पण शिकवायला कोण गेली? वीण काय कुलपात ठेवून वाढते का, असं इथे याच टाकीपाशी उभं राहून कोण म्हणालं?”

धाकटी म्हणाली होती. त्याला आता वर्ष होत आलं. बाहेरच्या बायकांनाही शिकवू, वर्ग काढू, असं तिचं म्हणणं होतं. थोरली म्हणाली, उंबरठ्याबाहेर गेलेली वस्तू परत आलेली मी पाहिली नाही. शब्दाला शब्द वाढला. शेवटी धाकटीने पिशवी उचलली आणि थोरली सगळ्यांदेखत बोलून गेली, “जा. पण हात इथे ठेवून जा.”

धाकटी हात घेऊन गेली. शहरातल्या एका शिक्षण केंद्रात ती हस्तकला शिकवते, एवढंच वस्तीला कळलं. त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

या सगळ्या बोलण्यात मावशीने भाग घेतला नव्हता. मावशी म्हणजे दोघींची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच दोघींना वाढवलं, आणि कारखान्यातल्या निम्म्या बायकांचे हात तिनेच वळवले. आता तिच्या डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला आहे. भिजवण्याच्या टाकीजवळ बसून ती बोटांनी पाती निवडते: जाड एकीकडे, पातळ दुसरीकडे, चिरलेली मांडीखाली.

“आण इकडे,” मावशी म्हणाली.

थोरलीने टोपली तिच्या मांडीवर ठेवली. मावशीची बोटं काठावरून फिरली, काळ्या ओळीवरून फिरली, झाकणावर आली आणि लेबलावर थांबली.

“हे काय चिकटवलंय?”

“लेबल आहे. त्याला हात लावू न—”

मावशीची आरी कमरेलाच असते. वाक्य पूर्ण व्हायच्या आत लेबलाचे चार टाके निघाले होते, आणि दुसऱ्या हाताने तिने अस्तर टराटरा फाडलं.

“अगं, पुरावा आहे तो!”

“पुरावा झाकून ठेवतात वाटतं?” भोवऱ्यावर अंगठा फिरवत मावशी म्हणाली. मग तिचा अंगठा थांबला. उलटा फिरला. ती हसायला लागली. दात नसलेल्या तोंडाने, खांदे हलवत, आवाज न करता.

“चार अख्ख्या घातल्यात गं. अर्धी कुठंय?”

थोरली वाकली. लेबलाखालचा भोवरा तिने आता पहिल्यांदा पाहिला.

भोवऱ्याची सुरुवात अशी असते. तीन अख्ख्या पाती मध्यावर एकमेकींवर आडव्या घालायच्या, म्हणजे भोवती सहा टोकं निघतात. मग एक अर्धी पात मध्ये खोवायची, तिचं एकच टोक बाहेर. झाली सात. मग एक लांब पात फिरवायची, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. टोकं विषम असली की प्रत्येक फेरीला वरची जागा खाली आणि खालची वर होते, आपोआप, आणि भोवरा घट्ट बसतो. सम असली की पात दर फेरीला त्याच त्या जागी वरून जाते आणि विणलेलं सगळं सैल राहतं. मग विणणारीला प्रत्येक फेरीत एकदा दोन टोकांवरून उडी मारावी लागते. त्या उड्यांचा मध्यापासून बाहेर एक तिरका जिना तयार होतो.

या भोवऱ्यात तो जिना होता. टोकं आठ होती.

“हिला मोजता येतं,” मावशी म्हणाली. “विणता येत नाही. कोणी सांगितलं हिला आठ?”

  आठ कुठून आले ते तिथल्या प्रत्येकीला कळलं होतं.

तळ्याकाठच्या बोलीत सात या आकड्याचा शब्द आणि ‘तुटलं’ हा शब्द एकच आहे. हातात पात घेऊन बसलेली बाई तोंडाने तुटलं कशाला म्हणेल? म्हणून विणताना मोजतात ते सहानंतर एकदम आठ. बोटं सात घालतात, तोंड आठ म्हणतं. शाळेत सात, पाटावर आठ. लहानपणी एकदा गोंधळ होतो, मग जन्मात होत नाही. हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. जी शेजारी बसून हात बघते तिला सात येतात. जी फक्त ऐकते तिला आठ.

टोपली विणणाऱ्याने हात पाहिले नव्हते. त्याने ऐकलं होतं.

थोरलीने लोखंडी कपाट उघडून अर्जाची प्रत काढली. अर्जासाठी फोटोवाल्याने मावशीचा व्हिडिओ घेतला होता, हात सोडून नुसत्या चेहऱ्याचा. मावशी मोजत होती, आणि थोरली शेजारी बसून तिच्या बोलण्याचा अर्थ सांगत होती. तो अर्थ वकीलबाईंच्या ऑफिसात टाइप झाला. अकराव्या पानावर लिहिलं होतं: ‘भोवऱ्याचा आरंभ आठ टोकांनी होतो.’ खाली थोरलीची सही. तिने ते पान सही करण्याआधी तीनदा वाचलं होतं. तिन्ही वेळा डोळ्यांनी आठ वाचले आणि हातांना सात समजले.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही की, अर्जात लिहिलेली वीण त्यांची नव्हतीच. ती मोठ्या दुकानाची होती. दुसरी गोष्ट लक्षात यायला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. वीण धाकटीने दिली असती तर सात निघाली असती.

मग आठ कोणाजवळ होते? व्हिडिओ फोटोवाल्याजवळ. कागद वकीलबाईंजवळ. अर्ज कार्यालयात जाण्याआधी हे दोघेच.

“फोन करून माफी माग तिची,” मावशी म्हणाली.

“फोनवर नको. जाऊन येते.”

“माफी मागायला, की बघायला?”

थोरलीने पिशवी उचलली.

शिक्षण केंद्र एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. लांबट खोली, दोन ओळींत बाकं, खिडकीत सुकत घातलेले रंगाचे ब्रश. पंधरा-सोळा बायका पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या पिशव्या विणत होत्या, साधी चौकटीची वीण. धाकटी एकीच्या मागे उभी राहून तिचा हात धरून पट्टी ओढत होती. थोरलीने दारातूनच बाकांवर नजर फिरवली. भोवरा कुठे नव्हता. कोपऱ्यात लाकडी कपाट होतं, त्याला कुलूप होतं.

“झडती घ्यायला आलीस?” धाकटी म्हणाली. “किल्ली देऊ?”

“चहा देशील का ते बघ आधी.”

“तुझ्या हाताला चव असते, माझ्या नसते. तूच म्हणायचीस.”

तरी चहा आला. धाकटी डावखुरी, कप डाव्या हातात. लहानपणी मावशी तिला शेजारी न बसवता समोर बसवायची, आरशासारखी. त्यामुळे भोवऱ्यातली अर्धी पात सगळ्या जणी डावीकडून खोवतात, ती उजवीकडून. वस्तीत तेवढी एकटीच.

थोरलीने सगळं सांगितलं. दुकान, लेबल, चार अख्ख्या पाती, अकरावं पान. धाकटी आधी ऐकत राहिली, मग तिला हसू फुटलं, अगदी मावशीसारखं, खांद्यांतून.

“म्हणजे तू सरकारला आठ लिहून दिलेस? सहीनिशी?”

“हस. तू असतीस तर सात निघाली असती, म्हणून कळलं की तू नाहीस.”

हसू तिथेच थांबलं.

“म्हणजे टोपली चुकली म्हणून मी सुटले,” धाकटी म्हणाली. “नीट विणलेली निघाली असती तर मी चोर.”

“तसं नाही म्हटलं मी.”

“तसंच म्हटलंस. बारा महिने माझं नाव तुझ्या त्या कागदावर असल्यासारखीच वागलीस.” तिने कप खाली ठेवला. “आणि समज, मी मुद्दाम आठ शिकवले असते तर? बाहेरच्याला खरी वीण कोण देतं? हे तुला सुचलं नाही का गं ताई?”

ती चेष्टेत म्हणाली की चिडून, हे थोरलीला त्या वेळी ठरवता आलं नाही. परतीच्या बसमध्येही नाही. कपाटाची किल्ली तिने मागितली नव्हती. मागायला हवी होती असं तिला तीन थांबे गेल्यावर वाटलं.

शनिवारी वकीलबाईंच्या ऑफिसात दुरुस्ती झाली. वकीलबाई आधी उसवलेल्या लेबलाकडे आणि मग पहिल्यांदाच सरळ थोरलीकडे बघत राहिल्या.

“हात लावू नका म्हटलं होतं मी.”

“मी नाही लावला. मावशीने लावला.”

“मावशींना समन्स काढू का?”

पण मुद्दा समजल्यावर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. तोंडात आठ आणि हातात सात, हीच या विणीची खूण आहे, त्या म्हणाल्या. शेजारी बसल्याशिवाय ती कोणाला येत नाही हे दाखवता आलं तर हरकत आपोआप पडते. दुरुस्तीचा कागद आणि नवे फोटो बंद पाकिटात ठेवायचे आणि सुनावणीच्या दिवशीच उघडायचे. तोवर या चौघांपलीकडे शब्द जाऊ द्यायचा नाही. चौघं म्हणजे त्या, थोरली, मावशी आणि फोटोवाला. भोवरा सगळ्या कारखान्यादेखत उघडला होता आणि धाकटीलाही सांगून झालंय, हे थोरलीने सांगितलं नाही.

फोटोवाला हसतमुख माणूस. त्याने टेबलावर कापड अंथरलं, वर फोन टांगला आणि स्क्रीन थोरलीच्या बाजूला वळवली.

“ताई, तुमचे हात तुम्हालाच दिसतील. म्हणजे नीट धरता येईल.”

थोरलीने तीन अख्ख्या पाती मांडल्या. डावीकडून अर्धी खोवली. फोनने टिकटिक केली.

“तुम्ही मोठ्या दुकानाचंही काम करता?” तिने मान वर न करता विचारलं.

“कॅटलॉग करतो ना. सगळेच करतात. लपवायचं काय त्यात?” तो म्हणाला. “आता हात जरा वर घ्या.”

निघताना थोरलीचं लक्ष वकीलबाईंच्या टेबलाच्या टोकाला गेलं. तिथे पेनं ठेवलेली छोटी टोपली होती. फुगीर पोट. काठाखाली काळी नागमोडी ओळ.

“ही कुठली?”

वकीलबाईंनी वळून पाहिलं. “ही होय? कोणीतरी पक्षकाराने दिली. लक्षातच आलं नाही बघा माझ्या.” आणि त्यांनी त्यातली पेनं काढून खणात ठेवली, टोपली मात्र तशीच राहू दिली.

सोमवारी त्यांचा फोन आला. फोटो उलटे आले होते, आरशात बघितल्यासारखे. फोनच्या समोरच्या कॅमेऱ्याने घेतले म्हणून. त्यात थोरली उजवीकडून खोवताना दिसत होती. पुन्हा काढावे लागले. उलट्या फोटोंचं काय केलं असं थोरलीने विचारलं तेव्हा फोटोवाला म्हणाला, “पुसले असतील ताई.”

पुढचे चार आठवडे कारखान्याला बरे गेले नाहीत. थोरलीने रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदा लावला. दाराशी एक टोपली ठेवली आणि येताना सगळ्यांनी फोन तिच्यात टाकायचे असं सांगितलं.

“फोन ठेवतो,” रेडिओ म्हणाली. “तोंडाचं काय करू? तेही टाकू का टोपलीत?”

“मावेल का?” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही. कोण हसलं आणि कोण नाही, हे ती बघत होती.

टेम्पोवाला पातींच्या भाऱ्याजवळ जरा जास्त वेळ उभा राहिला तर तिला खटकायचं. एकीने आजारपणाची रजा घेतली, तर थोरलीने तिच्या घरी जाऊन बघितलं; ती खरंच आजारी होती, आणि बरी झाल्यावर कामावर आली नाही. भोवऱ्याचं काम थोरलीने आतल्या खोलीत नेलं. तिथे मावशी आणि ती, दोघीच. मावशी एकदा पाती निवडता निवडता म्हणाली, “तळ्याला कुंपण घातलं तेव्हा तू केवढी ओरडली होतीस गं.”

“ते वेगळं होतं.”

“असेल,” मावशी म्हणाली. “मला दिसत नाही आताशा.”

प्रतिज्ञापत्राची घडी लोखंडी कपाटात होती. थोरली ती दिवसाआड उघडायची. तिसरी ओळ वाचायची. फोटोवाला, असं मनात लिहायची. खोडायची. वकीलबाईंची पेनांची टोपली आठवायची. तेही खोडायची. मग धाकटीचं वाक्य आठवायचं: मुद्दाम आठ शिकवले असते तर? आणि कपाट लावून टाकायची.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा मोठ्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर गेली. नवा माल लागला होता. लेबल तेच, शिक्का याच महिन्याचा. काउंटरवरच्या मुलीने तिला ओळखलं. “आधीची आवडली वाटतं?”

या वेळी थोरली बोलत थांबली नाही, पैसे देऊन निघाली. जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या उजेडात, तिने किल्लीच्या टोकाने लेबल उसवलं.

तीन अख्ख्या. एक अर्धी. टोकं सात. तिरका जिना नव्हता. भोवरा असा घट्ट बसला होता की मावशीनेही नाव ठेवलं नसतं.

अर्धी पात उजवीकडून खोवलेली होती.

खालून माणसं येत होती, वरून उतरत होती. थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. उजवीकडून धाकटी खोवते. उजवीकडून ते उलटे फोटोही खोवतात. तिने टोपली दोनदा फिरवून पाहिली. टोपलीला विचारून आणखी काही कळण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ती नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात पोचली. भिंतीवर त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी लावली होती, त्यांचं आठवं. वकीलबाई फाइल घेऊन आल्या. बंद पाकीट वर होतं, चिकटपट्टीसकट. थोरलीने पिशवीतून दुसरी टोपली काढून त्यांच्यासमोर धरली.

वकीलबाईंनी भोवरा जवळ नेऊन पाहिला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“मग आता सोपंच झालं,” त्या म्हणाल्या. “आठचा मुद्दा गेला, पण नाव मिळालं. तुमच्यात डावखुरी कोण आहे? लिहा तिसऱ्या ओळीत.”

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. धाकटी डावखुरी आहे हे तिने वकीलबाईंना कधी सांगितलं होतं का, ते तिला आठवेना. हा प्रश्न होता की उत्तर, तेही कळेना.

“पाकीट उघडून बघायचंय मला,” ती म्हणाली.

“आत उघडू. सगळ्यांसमोर. आता उघडलं तर त्याला किंमत राहत नाही.”

“फोटोवाला आलाय?”

“त्याला बोलावलेलं नाही. लिहा लवकर, सहावं चालू आहे. मध्ये अजून एक आहे, तेवढाच वेळ.”

थोरली बाकावर बसली. मांडीवर टोपली, टोपलीवर कागद. तिने पेन उघडलं. तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जिन्यावरून कोणीतरी वर आलं आणि शेवटच्या बाकावर बसलं. खांद्याला पिशवी, ती डाव्या हाताने पोटाशी धरलेली. धाकटी. तिने थोरलीकडे पाहिलं, मान हलवली नाही, हसली नाही.

सुनावणीची तारीख थोरलीने तिला सांगितली नव्हती. मावशीने सांगितली का, हे विचारायला मावशी इथे नव्हती. वकीलबाईंनीही त्या दिशेला पाहिलं आणि फाइलचं पान उलटलं. त्या दोघी एकमेकींना ओळखतात की नाही, हे त्या बघण्यावरून सांगता येत नव्हतं.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी दार उघडलं. सहाव्या प्रकरणाची माणसं बाहेर पडली. कारकुनाने सातव्याचा पुकारा एकदा केला, दोनदा केला. कोणी उठलं नाही. त्याने यादीवर रेघ मारली.

“आठ,” तो म्हणाला.

तिसऱ्या ओळीतली जागा तेव्हा कोरी होती. व्हरांड्यातून दोघीजणी उठल्या, एक या टोकाची, एक त्या टोकाची.